माझ्यामुळे हत्ती तिरका चालला

मी हत्ती बोलतोय. हसू नका. दिसायला मी दोऱ्याचं रिकामं रीळ आहे, हे मलाही ठाऊक आहे. मधे भोक, वरखाली दोन चकत्या, अंगावर एक दोराही शिल्लक नाही. पण गेली बावीस वर्षं बुद्धिबळाच्या पटावर मी पांढऱ्याचा उजवीकडचा हत्ती म्हणून नोकरी करतोय. आणि या नोकरीत माझा जो जीव गेलाय तो सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

जन्म माझा कारखान्यातला. लाकूड फिरवलं, कातलं, घासलं आणि माझ्यासारखी हजार रिळं एका पाटीत पडली. मग अंगावर तांबडा दोरा चढला. त्या दिवसांत काय रुबाब होता माझा! गुबगुबीत, चकचकीत. एका शिंपीणबाईने मला आणलं आणि शिवणयंत्राच्या डोक्यावर बसवलं. तिची खोली म्हणजे घराची पुढची खोली. एक यंत्र, एक लांबलचक कापायचं टेबल, एक आरसा आणि दांडीवर लटकलेले लोकांचे अर्धवट कपडे. मी एका खानावळीच्या पडद्यांच्या काठांत संपलो. सव्वीस पडदे. शेवटचा टाका पडला आणि बाईने मला बटणांच्या डब्यात टाकलं. शिंप्याच्या घरात रिकाम्या रिळाला कोण विचारतो? कोणी नाही.

बुद्धिबळाचा संच बाईच्या नवऱ्याचा. तो गेल्यावर वर्षभर संच कपाटावर धूळ खात पडला. मग एक दिवस बाईची नणंद आली. ती कचेरीत टंकलेखनाचं काम करायची, शिकलेली, बोलायला फटकळ. म्हणाली, "वहिनी, तो पट काढ खाली. दादाला आपण दोघी इतकी वर्षं खेळताना बघत होतो, काहीतरी कळलं असेलच की."

बाई कधी शाळेत गेलेली नाही. अक्षर म्हणजे तिच्या लेखी मुंगी. पण कापड नुसतं नजरेने बघून सांगेल, यात सदरा बसतो की नाही. पटही तिने तसाच नजरेने उचलला. कापायच्या टेबलावर, कापडाच्या तुकड्यांतच, रोज दुपारी या दोघींचा डाव मांडायचा. एकीकडे काजं-बटणं, एकीकडे शह.

आता हत्ती कसा हरवला ते ऐका, कारण ते बघणारा मी एकटाच आहे. बटणांचा डबा उघडा होता आणि मी वरच पडलो होतो. टेबलावर एका बस कंडक्टरचा जाडजूड कोट अस्तर उसवून पडला होता. डाव संपला, बाईने एका हाताने सोंगट्या गोळा केल्या, पांढरा हत्ती घरंगळला तो थेट त्या उघड्या अस्तरात. बाईने बघितलंच नाही. यंत्र सुरू केलं आणि हत्तीसकट अस्तर शिवून टाकलं! मी ओरडत होतो. रिळाचं कोण ऐकतं?

चार दिवसांनी कंडक्टर परत आला. म्हणाला, "बाई, चालताना मांडीवर काहीतरी टकटक आपटतंय."

बाई म्हणाली, "नवं अस्तर आहे भाऊ. बसेल हळूहळू अंगाला."

तो बिचारा गेला. अजून आपटत असेल.

आणि संशय कोणावर? नणंदेवर. कारण आदल्याच डावात नणंद हरली होती आणि हरली की ती सोंगटी हातात घेऊन बसायची. बाई तोंडाने काही बोलली नाही. फक्त एकदा म्हणाली, "वन्सं, तुमच्या पिशवीत बघा हो एकदा." नणंदेने पिशवी टेबलावर उलटी केली. चष्म्याचं घर, बसचं तिकीट, खोकल्याच्या गोळ्या. हत्ती नाही. विषय संपला, असं वरवर दिसलं. बाईने बटणांच्या डब्यात हात घातला, मला काढलं, कोपऱ्यात ठेवलं आणि म्हणाली, "हा हत्ती."

झालं. तेव्हापासून मी हत्ती.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. बाकीच्या हत्तींना तोंड आहे, बुरूज आहे, कुठेही ठेवा ते हत्तीच दिसतात. मला मात्र लोक कोपऱ्यात उभा आहे म्हणून हत्ती समजतात. कोपऱ्यातून उचलून बाजूला ठेवलं की मी पुन्हा रीळ. डाव मांडताना बाईचा हात सगळ्यांत आधी मला शोधायचा. न बघता, बोलता बोलता, मला उजव्या कोपऱ्यात टक्कन ठेवायची आणि मगच बाकीच्यांना. बावीस वर्षं! हाताला इतकी सवय की डोळ्यांना विचारायचं कामच नाही.

पुढे नणंदेचं कंबरेचं हाड मोडलं आणि तिचा मुलगा तिला आपल्या गावी घेऊन गेला. रात्रभराचा प्रवास. या दोघींपैकी एकही फोन करणारी नाही. बाई म्हणते, मी का करू, गेल्या त्या. नणंद म्हणते, तिला काम असेल, कशाला त्रास. दोघींचं ताठ नाक एकाच मापाने बेतलेलं.

मग बाईच्या मुलीने तोड काढली. ही मुलगी एका छोट्या कंपनीत काम करते, जिच्या अ‍ॅपवर लोक ऑनलाइन बुद्धिबळ खेळतात. तिने दोघींना मोबाइलवर डाव मांडून दिला. घाई नाही, एका चालीला तीन दिवस. मोबाइल यंत्राला टेकवून उभा असायचा. पडद्यावरच्या सोंगट्या बाईला मुळीच पटायच्या नाहीत, म्हणायची, "ही कसली चपटी चित्रं! सगळी एकाच आईची लेकरं." म्हणून ती लाकडी पट शेजारी मांडायची. नणंदेची चाल आली की पडद्यावर दोन घरं पिवळी व्हायची, निघालेलं एक आणि पोचलेलं एक. बाई तेवढी दोन घरं बघायची, सोंगटी लाकडी पटावर हलवायची आणि मग विचार करत काजं करायची.

आणि खरं सांगू? ती चाल म्हणजेच त्यांचं पत्र. सकाळी चाल आली की बाई म्हणायची, "उठल्या वाटतं वन्सं. बरं आहे." दुपारपर्यंत आली नाही की तिचा टाका वाकडा पडायचा. ही काळजी ती कोणाला बोलून दाखवायची नाही.

पण नणंदेकडे आता वेळच वेळ. पडून पडून तिने सुरुवातीच्या चालींचं एक जाड पुस्तक पाठ केलं. पहिल्या बारा चाली तिच्या तयारच. बाई बिचारी नजरेने खेळणार आणि चौदाव्या चालीला तिचा राजा दारात उघडा. एकोणीस डाव लागोपाठ हरली. मग तिने चाली लांबवायला सुरुवात केली. दोन दिवस, अडीच दिवस. मुलीने विचारलं तर म्हणाली, "हंगाम आहे, कामं आहेत." कसला हंगाम? दांडीवर एक परकर आणि दोन उशांचे अभ्रे होते.

शेवटी एका रविवारी तिने मला मुठीत धरून सांगून टाकलं, "मला नाही खेळायचं आता. त्या खेळत नाहीत गं, वाचून दाखवतात मला. मी काय पुस्तकाशी खेळू?"

मुलीने मोबाइल उचलून हरलेले डाव चाळले. डाव बंद झाला तर आई आणि आत्या यांच्यात दुसरं काही उरणार नाही, हे तिला कळत होतं. मलाही कळत होतं.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "आई, मागची रांग विस्कटली तर?"

"म्हणजे?"

"प्यादी जागच्या जागी. पण मागचे आठ जण दर डावाला नव्या ठिकाणी. चिठ्ठ्या टाकल्यासारखे. दोघींकडे सारखीच मांडणी. दोन उंट वेगवेगळ्या रंगावर, राजा दोन हत्तींच्या मधे, एवढंच बंधन. असा खेळ आहे जगात. आमच्याकडे अजून नाही."

बाईने सुई अस्तरात खोचली. "म्हणजे वन्संचं पुस्तक..."

"रद्दीत."

"कर की मग! बघत काय बसलीस?"

मला काय आनंद झाला म्हणता! बावीस वर्षं कोपऱ्यात उभं राहून माझी पाठ भिंतीला चिकटली होती. आता कधी मधे उभं राहायला मिळेल, वजिराशेजारी, राजाशेजारी. मला काय माहीत पुढे काय वाढून ठेवलंय!

दुसऱ्या दिवशी मुलगी संच पिशवीत घालून कामावर घेऊन गेली. साहेबाला तोंडी सांगून कळत नव्हतं. कंपनी म्हणजे एका खाद्यतेलाच्या दुकानावरच्या दोन खोल्या, पाच टेबलं, एक पंखा आणि तो साहेब. माणूस वाईट नाही. पण त्याला नवीन काही सांगितलं की तो आधी कपाळ चोळायचा.

मुलीने मागची रांग विस्कटून मांडली. साहेबाने मला उचललं, भोकातून आरपार बघितलं. "हे काय? कचरा?"

"हत्ती आहे सर."

"हा हत्ती?"

"हो. आमच्याकडचा."

"कोपऱ्यात असता तर समजून घेतलं असतं. असा मधे ठेवला तर हत्ती की उंट की कोणाची बाटलीची टोपी, कळायचं कसं?"

सगळे हसले. मी मनात म्हटलं, लक्षात ठेवा रे कोणीतरी हे वाक्य. कोणी ठेवलं नाही.

साहेब म्हणाला, "लोकांना जे येतं ते खेळू दे की. येणारं काढून न येणारं का द्यायचं?"

मुलगी म्हणाली, "सर, ज्यांना येत नाही ते रोज हरून सोडून जातात. माझ्या घरातच एक आहे."

त्याने कपाळ चोळलं. "बरं. एक महिना ठेव. पण खेळ चुकीचा चालतो अशी एक जरी तक्रार आली ना, या खेळाचं बटण काढून टाकायचं. मला डोकेदुखी नको."

पुढचे दोन महिने माझी जी फरफट झाली! स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप आणि शेजारी आम्ही. त्या किल्लेकोटाने तर पिडलं. राजा दोन घरं सरकतो आणि हत्ती त्याच्यावरून पलीकडे जातो, ती चाल. नेहमीच्या खेळात सोपी. पण इथे राजा आधीच हत्तीला चिकटून उभा असला तर? बोटाने राजाला एक घर सरकवलं तर ती साधी चाल की किल्लेकोट, पडद्याने ओळखायचं कसं? मुलगी मला इकडून तिकडे ठेवायची, डोकं धरायची, परत तिथेच ठेवायची. एकदा तर रागाने मला फेकलंच. मी फ्रिजखाली गेलो. नऊ दिवस तिथे होतो, एका वाळलेल्या वाटाण्याच्या सोबतीने. माझ्याजागी टेबलावर कोण उभं होतं माहीत आहे? लसणाची पाकळी! पाकळी चालते, आणि तरी म्हणे मला मान आहे. शेवटी तिने ठरवलं, किल्लेकोट करायचा तर राजाला हत्तीवर नेऊन टेकवायचं. मग सुटलं ते कोडं.

आणि एका सोमवारी बटण लागलं. आत्याला निरोप गेला. नणंदेने लगेच डाव स्वीकारला, वर आवाजात निरोप धाडला: "काय गं वहिनी, सरळ खेळून जमेना म्हणून आता वाकडं का? ये, ये."

बाई कधी नव्हे ती खुशीत. केस बांधले, टेबल पुसलं, मोबाइल यंत्राला टेकवला आणि पट मांडायला घेतला. पांढरं तिच्याकडे.

पडद्यावर डावीकडून मांडणी अशी होती: घोडा, उंट, हत्ती, घोडा, उंट, राजा, हत्ती आणि अगदी उजव्या कोपऱ्यात वजीर. म्हणजे माझी जागा कोपऱ्याच्या अलीकडची, राजा आणि वजीर यांच्या मधली. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला दोन्ही बाजूंना शेजारी.

आणि बाईने काय केलं? मुलीशी बोलता बोलता, पडद्याकडे न बघता, डब्यातून आधी मला उचललं आणि टक्कन उजव्या कोपऱ्यात ठेवलं!

मग डावीकडून एकेक पडद्यात बघून लावत आली. घोडा, उंट, हत्ती, घोडा, उंट, राजा. हातात वजीर राहिला, घरही एकच राहिलं. ठेवला तिथे. "बसलं बरोबर," म्हणाली. मी आत आक्रोश करत होतो, बाई, मी इथला नाही! काळ्यांची रांग तर तिने पडद्यात बघितलीच नाही. "दोघींकडे सारखीच म्हणालीस ना?" असं म्हणत समोरची रांग स्वतःच्याच रांगेवरून लावली. चुकीवर चूक, अगदी मापात. मुलगी तोवर चप्पल घालून कामाला निघून गेली होती.

डाव सुरू झाला. आणि सांगायलाच हवं, काय खेळली बाई! पुस्तक नाही म्हटल्यावर नणंद चाचपडायला लागली. तिच्या चालीला दीड-दीड दिवस लागायला लागला. बाई वजीर मोकळा करायचा म्हणून त्याच्या पुढचं प्यादं पुढे पुढे ढकलत होती. वजीर कसला, पडद्यावर तिथे मी होतो! समोरचं प्यादं आणि ते, दोन्ही एकमेकांना भिडून तिरकी खात शेजारच्या ओळीत गेली. त्या घरापुढचा रस्ता मोकळा झाला. तोवर कोणाला काही कळलं नाही. घोडे दोन्हीकडे बरोबर होते, प्यादी बरोबर होती, दोघी मजेत होत्या.

मग आला बुधवार. दुपारी पडदा टुंग वाजला. दोन घरं पिवळी. निघालेलं घर म्हणजे काळ्याचा कोपरा. पोचलेलं घर म्हणजे आख्खा पट तिरका ओलांडून बाईच्या डाव्या अंगाचं प्यादं.

बाईने लाकडी पटावर बघितलं. त्या कोपऱ्यात काळा हत्ती.

ती पुन्हा पडद्याकडे, पुन्हा पटाकडे. मग उभीच राहिली. "तिरका? हत्ती तिरका?"

आणि जी कधी फोन करत नाही तिने फोन लावला.

"वन्सं, तुमचा हत्ती तिरका कसा गेला?"

"कोण गेला? आणि हॅलो तरी म्हण आधी."

"तिरका! कोपऱ्यातून निघाला तो माझं प्यादं खाऊन बसलाय."

"अगं, डोळे तपासून घे. माझे दोन्ही हत्ती अजून जागचे हललेले नाहीत."

"डोळे शाबूत आहेत माझे. अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते. पुस्तक चालेना म्हणून हे सुरू केलंत होय?"

"म्हणजे मी लबाडी करते?"

"मी कुठे म्हटलं? पण एक हत्ती आधीही गेलाच होता की या घरातून."

पलीकडे खाट करकरली.

मग नणंद हळूच म्हणाली, "बावीस वर्षं हे पोटात ठेवलं होतंस?" आणि फोन ठेवला.

बाई तशीच उभी. माणसाला आपण जास्त बोललो हे कळलं की ते गप्प बसत नाही, अजून एक चूक करतं. हे मी कितीदा तरी बघितलंय. तिने मोबाइलवरचं तक्रारीचं बटण दाबलं आणि ठणठणीत आवाजात सांगितलं, "तुमचा खेळ चुकीचा आहे! तुमच्या खेळात हत्ती तिरका चालतो! हे काय बुद्धिबळ झालं?"

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. बाईने चाल केली नाही. शनिवार उजाडला. पडद्याच्या कोपऱ्यात उरलेला वेळ कमी कमी होत होता आणि बाई त्याच्याकडे पाठ करून एका विजारीची तीच शिवण तिसऱ्यांदा उसवत होती. मी कोपऱ्यात उभा, चुकीच्या. मला सगळं माहीत होतं. हत्ती कुठे गेला, चूक कुठे झाली, सगळं. असं सगळं माहीत असून तोंड नसणं, याच्याइतका वैताग दुसरा नाही.

दुपारी मुलगी आली. चप्पल न काढताच म्हणाली, "आई, तक्रार तू केलीस?"

"केली. खरी होती म्हणून केली."

"अगं, साहेबांनी आज आख्ख्या ऑफिसात मोठ्याने लावली! तेव्हा मी तुझा आवाज ओळखला. दोन दिवस पाच माणसं तिरका हत्ती शोधतायत. हजारो मांडण्या तपासल्या आम्ही. एकही हत्ती तिरका जात नाही. सोमवारी बटण काढायला सांगितलंय त्यांनी."

"मग काढा. माझ्यासमोर गेलाय तो."

"दाखव."

बाईने पट दाखवला. मुलीने पडदा बघितला, पट बघितला आणि कपाळाला आठी घातली. "हे मधूनच बघून कळायचं नाही... थांब. सगळं उचल. सुरुवातीपासून लावू. मी पडद्यावरून सांगते, तू ठेव."

बाईने फणकाऱ्याने सगळ्या सोंगट्या डब्यात लोटल्या. मग हात घातला. आणि मला काढलं. आणि टक्कन कोपऱ्यात ठेवलं.

मुलीने तिचं मनगट पकडलं. "हात तिथेच ठेव."

"काय झालं?"

"आई, मी अजून एक शब्दही बोललेली नाही."

"मग? रीळ कोपऱ्यातच तर..." एवढं म्हणून बाई थांबली.

तिने माझ्याकडे बघितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा, नीट. मग पडद्याकडे. त्या चपट्या चित्रांतलं कोपऱ्यातलं चित्र तिने बोटाने मोठं करून बघितलं. वजीर.

खुर्चीत बसत ती म्हणाली, "अगं बाई. मी काय बोलून बसले त्यांना!"

"फोन कर."

"काय सांगू? हाताला सवय होती म्हणून?"

"वेळ बघ. दोन तास राहिलेत. चाल नाही केलीस तर डाव आत्याचा. आणि आत्या मला म्हणाली, हा शेवटचा."

बाईने मोबाइल हातात घेतला. खाली ठेवला. पुन्हा घेतला. मग मला मुठीत धरलं, इतकं घट्ट की माझ्या चकत्या करकरल्या, आणि फोन लावला.

"वन्सं."

"हं."

"हत्ती तिरका नव्हता गेला. माझा हात गेला होता. रीळ सवयीने कोपऱ्यात ठेवलं मी."

"हं. आणि तो दुसरा?"

"कोणता?"

"बावीस वर्षांपूर्वीचा."

बाईने मला दुसऱ्या मुठीत घेतलं. "तो तुम्ही नेला नाहीत."

"आता कशावरून म्हणतेस? सापडला?"

"नाही सापडला. पण हे रीळ मी माझ्याच हाताने चुकीचं ठेवलं आणि तुम्हाला चोर म्हटलं. तर तोही माझ्याच हातून कुठेतरी गेला असणार. तेव्हा पिशवी उलटी करायला लावली मी तुम्हाला. ते करायला नको होतं."

मी आत म्हटलं, कोटात! कंडक्टरच्या कोटात! पण पुरावा नसतानाही बाई बरोबर ठिकाणी पोचली होती, हे मात्र मानलं मी.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग नणंद तिच्या नेहमीच्या फटकळ आवाजात म्हणाली, "पावणेदोन तास राहिलेत. चाल कर. तीन दिवस हा पडदा उशाशी घेऊन पडलेय मी, मान आखडली माझी."

बाईने डोळे पुसले, पट नीट लावला, सगळ्या चाली एकेक करून पुन्हा खेळली. मी माझ्या खऱ्या घरात आलो, राजा आणि वजिराच्या मधे. आणि तेव्हा बाईला दिसलं की आपल्यापुढे काय आहे. माझ्यापुढचा रस्ता मोकळा होता. त्या रस्त्याच्या टोकाला नणंदेचा हत्ती, त्याला खेटून तिचा राजा, आणि किल्लेकोट केला की राजा नेमका त्या टोकाला येणार. आणि तिचा वजीर प्यादं खायच्या नादात घर सोडून लांब आला होता.

बाई हसली. घोडा उचलला आणि माझ्यापुढे आणून ठेवला. रस्ता बंद दिसताच नणंदेने किल्लेकोट केला.

तीन चालींत तिने त्या वजिराला हाकलत हाकलत माझ्या रस्त्यावर आणलं. मधे तिचाच घोडा उभा होता. चौथ्या चालीला घोडा मधून उडाला आणि मी आणि तो वजीर समोरासमोर. त्याच्या मागे त्याचा राजा. बाजूला हलला तर राजा उघडा. मला मारलं तर माझ्या पाठीशी कोपऱ्यातला आमचा वजीर टपलेला.

आवाजी निरोप आला: "वहिनी, माफी मागून माझा वजीर घेतेस, लाज नाही वाटत?"

बाई म्हणाली, "माफी वेगळी, डाव वेगळा, वन्सं."

नणंदेने निदान हत्ती तरी खावा म्हणून मला मारलं. बाईच्या वजिराने तिचा वजीर घेतला. डाव अजून चालू आहे, काय होईल सांगता येत नाही, नणंद चिवट आहे. पण चाली सकाळीच येतात आता, आणि प्रत्येक चालीबरोबर एक टोमणाही.

साहेबाने कपाळ चोळलं आणि बटण ठेवलं. मुलीने एक सोय जास्तीची केली. डाव उघडला की आवाज मांडणी वाचून दाखवतो, डावीकडून, एकेक सोंगटी, आणि सांगतो, "पडदा बघून लावा." किती लोक ऐकतात देव जाणे.

आणि मी? मी मारला गेलेला, डब्याच्या झाकणात आडवा पडलोय. परवा नणंदेने फोनवर बाईला बजावलं, "त्या रिळावर काहीतरी खूण कर गं, नाहीतर पुन्हा मला चोर ठरवशील." बाईने काय करावं? कापडावर रेघ मारायचा खडू घेतला आणि माझ्या डोक्यावर एक फुली मारली. खडू! शिंपीण असून हिला माहीत नाही, खडू किती दिवस टिकतो? दोन वेळा हातात घेतलं की पुसला. आत्ताच अर्धी फुली गेली आहे.

बाई, ऐकता आलं तर ऐक. नवा हत्ती आणू नकोस, मुलगी म्हणते तरी. पण खडूने भागणार नाही. तुझ्या खणात करड्या दोऱ्याचं बंडल आहे. त्यातला हातभर दोरा घे आणि माझ्या अंगावर आठ-दहा वेढे घट्ट गुंडाळ. टोक खाचेत अडकव. तेवढ्यासाठीच तर जन्मलो होतो मी. मग पटावर मला कुठेही उभा कर, मधे, कडेला, राजाला खेटून. कोपरा नसला तरी तुझा हात मला ओळखेल.